पावसाळ्यात स्टँडिंग डेस्क सारखं अडकतंय? मोटर बदलायच्या आधी हे बघा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावरच्या वर्क फ्रॉम होमवाल्यांच्या टेबलांचं एक ठरलेलं दुखणं सुरू होतं. इलेक्ट्रिक स्टँडिंग डेस्क, उन्हाळाभर गुमान वर-खाली होत होतं, ते आता मध्येच थांबतंय, दोन इंच खाली गेलं की आपसूक परत वर येतंय, नाहीतर डिस्प्लेवर ई ०१, ई ०२ असलं काहीतरी लुकलुकतंय आणि बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म हलत नाही. मग रिसेट करायचं, चार-आठ दिवस बरं चालतं, परत तेच. आणि कस्टमर केअरला फोन लावला की पलीकडून बहुतेक एकच उत्तर, "सर, मोटर गेली असेल."

बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. त्या अख्ख्या टेबलात मोटर हीच सगळ्यात दणकट. बिघडतं ते तिच्या आजूबाजूचं, म्हणजे लाईट, खारी हवा, वरची फळी आणि खालची जमीन. ह्या चारही गोष्टी कोकणात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपेक्षा वेगळ्या आहेत आणि टेबलासोबत येणारं ते घडीचं पुस्तक लिहिणाऱ्याने ह्यातलं काहीच बघितलेलं नसतं. म्हणून नुसतं रिसेट करून भागत नाही.

आधी टेबलाच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात, नाहीतर पुढचं सगळं जादूटोणा वाटेल. फळीखाली एक चपटा डबा असतो, तो कंट्रोलर. तो घरातली २३० व्होल्टची लाईट घेऊन मोटरला साधारण २४ ते ३० व्होल्ट डीसी देतो. प्रत्येक मोटरमध्ये हॉल सेन्सर म्हणून बारीकसा भाग असतो, मोटर किती फिरली ते तो कंट्रोलरला कळवत राहतो, आणि कंट्रोलर त्या मोजणीवरूनच ठरवतो की डावा पाय एवढ्या उंचीवर आहे, उजवा एवढ्या. टेबलाला डोळे नाहीत, नुसती मोजणी आहे. मोजणी चुकली किंवा दोन पायांची मोजणी जुळेना, की तो सुरक्षेसाठी सगळं बंद करतो. मोटर अपेक्षेपेक्षा जास्त करंट खेचायला लागली की त्याला वाटतं खाली काहीतरी अडकलंय, मग तो थांबून थोडं उलट जातो. तुमच्या टेबलाची नाटकं ह्या दोनातलीच कुठलीतरी असतात, त्यामुळे पहिल्यांदा एवढंच बघा की टेबल एरर दाखवून मरतंय की थोडं जाऊन उलट फिरतंय. दोघांचा इलाज वेगळा आहे.

लाईट गेली आणि आल्यावर एरर

हे सगळ्यात जास्त. टेबल वर जात असताना लाईट गेली तर मोजणी साठवायला कंट्रोलरला वेळच मिळत नाही. लाईट येते तेव्हा पाय एका उंचीवर आणि डब्यातला आकडा दुसरा. आणि पावसात आपल्याकडे लाईट नुसती जात नाही, ती ये-जा करते, एका मिनिटात तीनदा, झाडाची फांदी तारेला घासत असेल तर विचारूच नका.

रिसेट असं करायचं. टेबलाखालचं स्टूल, सीपीयू, मांजर सगळं बाहेर काढा. प्लग काढून पाचेक मिनिटं थांबा म्हणजे डब्यातला उरलेला चार्ज उतरतो. परत लावा, खालचं बटण दाबून टेबल जाईल तेवढं खाली न्या, बोट उचला, आणि तेच बटण परत दाबून धरून ठेवा, बऱ्याच मॉडेलमध्ये पाच-दहा सेकंद लागतात. डिस्प्लेवर आरएसटी किंवा एएसआर अशी अक्षरं येतात, टेबल अजून थोडं खाली बसतं, मग जरासं वर येऊन थांबतं. ते थांबेपर्यंत बोट काढायचं नाही. घाईत बरेच जण तिथेच बोट काढतात आणि मग रिसेट झालं नाही म्हणून ओरडतात. एक पाय वर, एक खाली असं तिरकं झालं असेल तरी हेच करायचं, तळाला गेल्यावर दोन्ही पाय जुळतात. फक्त तिरक्या टेबलावरचा मॉनिटर आधी उतरवा.

पण दर आठवड्याला रिसेट करावं लागत असेल तर लाईटकडे बघा. कंट्रोलरच्या खाली स्टिकर असतो, त्यावर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० ला पडलं तरी तो बिचारा चालवून घेतो. २२० ते २४० लिहिलेला डबा मात्र अशा वेळी उचलताना दम टाकतो, थोडं वर जातं आणि बंद, आणि सकाळी व्होल्टेज चांगलं असताना तेच टेबल झकास चालतं. सकाळी चालतं, रात्री नाही, ही खूण दिसली की मोटरला दोष देऊच नका. मल्टिमीटर लावून आकडा बघा, नसेल तर वायरमनला सांगा, तो दोन मिनिटांत सांगेल. अशा घरात टेबलाच्या मागे छोटा स्टॅबिलायझर लावला की बहुतेक वेळा विषय संपतो. टेबल उचलताना दोन-तीनशे वॅटच्या आसपास घेतं, बाकीचा दिवस जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे फार मोठा लागत नाही, पण स्टॅबिलायझरवर लिहिलेला लोड बघूनच घ्या, टीव्हीचा म्हणून मिळतो त्यातला सगळ्यात छोटा नको.

इन्व्हर्टर असेल तर टेबल त्याच लाईनवर घ्या, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी वर जाणं पूर्ण होतं. साईन वेव्ह असेल तर चांगलंच, जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर कंट्रोलर गुणगुणतो आणि तापतो, त्यावर टेबल हलवू नका. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको. यूपीएसवर ठेवलं की बदली झटपट होते पण तो साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की लगेच बॅटरीवर उडी मारतो, आणि जिथे रोजच संध्याकाळी १७५ असतं तिथे बॅटरी रात्रभर विनाकारण खर्ची पडते. त्यामुळे आपल्या घरचा आकडा माहीत असल्याशिवाय ते बटण इकडे-तिकडे करण्यात अर्थ नाही.

आणि विजा. मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, हे दोन काळ गडगडाटाचे. स्पाईक गार्ड हवाच, पण जवळ पडलेल्या विजेपुढे तो टिकत नाही, प्लग उपटून ठेवणं हाच उपाय. टेबल आधी बसायच्या उंचीला आणा आणि मग उपटा. ३ जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते वादळ ज्यांनी घरात बसून काढलंय त्यांना सांगायला नको की लाईट गेली की ती कधी येईल ते कोणाच्या बापाला माहीत नसतं, आणि टेबल उभ्याच्या उंचीवर अडकलं तर पुढचे कितीतरी दिवस उभ्यानेच, किंवा पाटावर पाट चढवून.

करंट मारतोय

हे एररमध्ये मोडत नाही पण विचारतात सगळे, म्हणून मध्येच घेतो. लोखंडी पायाला अनवाणी उभं राहून हात लागला की झिणझिण्या येतात. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीलाही तसंच होतं. कारण असं की कंट्रोलरमध्ये लाईट आणि अर्थिंगच्या मध्ये छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग ठीक असेल तर ते गळतीचं चिमूटभर करंट गुपचूप जमिनीत जातं. अर्थिंग नसेल तर टेबलाची सगळी फ्रेम साधारण अर्ध्या व्होल्टेजवर लटकत राहते, मल्टिमीटरला ९०-११० दिसतं. करंट फार कमी असतं, पण ते टेबल तुम्हाला सांगतंय की घराला अर्थिंग नाही, आणि ती गोष्ट गिझर आणि पंपासाठी खरोखर जीवघेणी आहे.

कोकणात हे जास्त का, तर जांभा. जांभ्याच्या सड्यावर पाणी टिकत नाही, पावसात खड्डा ओला असतो तोवर अर्थिंग छान आणि एप्रिल-मे मध्ये कोरडं ठणठणीत. त्यात समुद्राजवळ जमिनीलगतचा जोड गंजून तुटलेला असतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत. फार कमी किंवा नाचता आकडा आला तर वायरमन बोलवा, खड्डा उकरा, जोड नवा करा, मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात दर थोड्या दिवसांनी बादलीभर पाणी ओता. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात बसत नाही म्हणून वरची पिन कापणाऱ्यांना तर मी हात जोडतो. आणि झिणझिण नाही, सणकन झटका बसतोय असं असेल तर टेस्टर-बिस्टर बाजूला ठेवा, मेन स्विच बंद करा आणि मग प्लग काढा. मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच, नसेल तर ह्या निमित्ताने बसवून घ्या.

थोडं जातं आणि एरर देऊन थांबतं, लाईट व्यवस्थित असूनही

आता खारी हवा. मोटरकडून येणाऱ्या वायरीत दोन जाड तारा मोटरच्या आणि बाकीच्या बारीक सेन्सरच्या असतात. मोटरच्या तारांना थोडा गंज चालतो. सेन्सरचा सिग्नल अगदी कमी व्होल्टचा, पिनेवर हिरवटसर थर बसला की त्यातले काही ठोके कंट्रोलरपर्यंत पोचतच नाहीत, मोजणी हुकते, आणि तो म्हणतो एक पाय मागे पडलाय, बंद. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या घरात एका पावसाळ्यातही असा थर दिसायला लागतो.

प्लग काढून (काढूनच!) कंट्रोलरमधले सगळे कनेक्टर एकेक करून उपसा. हिरवं-पांढरं काही दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपाईल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश, हलक्या हाताने. पूर्ण वाळू द्या, पंख्याखाली तासभर. मग पिनांवर डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. नुसतं उपसून परत बसवल्यानेही कधीकधी टेबल चालू होतं, पण ते फसवं असतं, पुढच्या दमट आठवड्यात परत येतं. गंज सोडवायचा तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे पिनांना वापरता येतो एक वेळ, पण उत्साहाच्या भरात तो पायाच्या नळीत फवारू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन ओघळतं आणि मग जी करकर सुरू होते ती थांबत नाही.

डबा उघडायचाच असेल तर वॉरंटी बघून उघडा. आत काय सापडतं ह्यावर एक वेगळं लिहिता येईल. मुंग्यांना ती उबदार कोरडी जागा फार आवडते, सबंध पावसाळा त्या अंड्यांसकट तिथे मुक्कामाला असतात. पाल सर्किटवर चिकटून मेलेली सापडली तर बोर्ड बहुधा गेलाच म्हणून समजा. डब्याची भोकं बुजवू नका, त्याला हवा लागते, पण वायरी आत शिरतात तिथली मोठी फट कपड्याच्या टेपने बंद करा आणि वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे कौलातून टिपटिपलेलं पाणी वायरीवरून ओघळत आत जाणार नाही. डबा खिडकीकडच्या टोकाला लावलेला असेल तर आतल्या बाजूला सरकवा. वाऱ्याबरोबर येणारा झड किती आत येतो ते पहिल्या मोठ्या पावसात कळतंच.

साफ करूनही तोच पाय अडत असेल तर एक सोपी चाचणी. दोन मोटरचं टेबल असेल तर कंट्रोलरला दोन सारखी भोकं असतात. प्लग काढा, डावी-उजवी वायर अदलाबदल करा, रिसेट करा. बिघाड त्याच पायाबरोबर राहिला तर मोटर किंवा तिची वायर. बिघाड दुसऱ्या पायाला गेला तर पाय ठणठणीत आहे आणि कंट्रोलरचं ते भोक गेलंय. ही एवढी गोष्ट कस्टमर केअरला सांगितली की ते अख्खं टेबल परत पाठवा म्हणत नाहीत, नुसता डबा पाठवतात, आणि तालुक्याच्या गावातून ३० किलोचं खोकं कुरियरला देणं किती कटकटीचं आहे ते वेगळं सांगत नाही.

खाली जाता जाता उलट फिरतं

हे एररवाल्यांपेक्षा गमतीचं, कारण इथे बहुतेक वेळा दोष फळीचा असतो आणि त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. स्वस्त टेबलाची फळी पार्टिकल बोर्डची. वरून लॅमिनेट, पण खालच्या बाजूला आणि स्क्रूच्या भोकांत नागडा भुसा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने हवा ओली, तो भुसा पाणी पितो आणि फळी खालून फुगते, वरून नाही. म्हणजे ती वाकते. फळी वाकली की तिला स्क्रूने बांधलेली फ्रेम पिळते, फ्रेम पिळली की दोन पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत, आतली नळी बाहेरच्या नळीत घासते, मोटर जास्त करंट खेचते, आणि कंट्रोलरला वाटतं खाली मूल अडकलंय. तो बिचारा बरोबरच वागतोय.

खात्री कशी करायची, तर फळीचे स्क्रू सगळे दोन-दोन आटे सैल करा आणि टेबल चालवून बघा. सुरळीत चाललं तर चोर सापडला. तेवढ्यापुरतं स्क्रू मधले घट्ट, कडेचे किंचित सैल ठेवून चालतं, पण फुगलेला पार्टिकल बोर्ड परत बसत नाही, ती फळी बदला.

बदलताना गावच्या सुताराकडेच जा. आमच्याकडच्या सुतारकाकांनी फ्रेम बघून पहिल्यांदा विचारलं होतं, "ह्यां टेबल वर-खाली कित्याक जाऊक व्हया? तूच उठबस कर मगे." मुद्दा तसा बिनतोड आहे. प्लाय घेणार असाल तर आयएस ७१० चा शिक्का असलेला, ज्याला दुकानदार मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतात तो. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर, त्यातला एमआर म्हणजे फक्त दमटपणा थोडाफार सोसणारा, आपल्या हवेला तो पुरत नाही. चार बाय दोन फुटी १८ मिलिमीटरची फळी आठ-नऊ किलो भरते, फ्रेमला काहीच जड नाही. वर सनमायका लावला तर खालच्या बाजूलाही लावा, नाहीतर दोन्ही बाजू वेगवेगळं पाणी पितात आणि परत वाकणं आलंच. चारी कडा पट्टीने बंद, आणि स्क्रूची भोकं पाडल्यावर त्यांत पॉलिश किंवा फेविकॉल ओतून मग स्क्रू. फ्रेमसोबत आलेले स्क्रू जाड फळीसाठीचे असतात, १८ मिलिमीटरच्या प्लायमधून त्यांचं टोक वर यायला नको, आधी मोजा.

घरात फणसाची जुनी फळी पडून असेल तर सोन्याहून पिवळं, रंगानेही. दीड इंची घेतली तर सोळा-सतरा किलोपर्यंत जाते, दोन मोटरची फ्रेम ती हसत उचलते. आंबा स्वस्त पडतो पण त्याला भुंगा आणि वाळवी लवकर लागते, मी असतो तर नाही घेणार. सलग लाकडाचं एक लक्षात ठेवा, ते रेषेला आडवं फुगतं आणि आकसतं, म्हणून फ्रेमच्या आडव्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच आणि मोठा वॉशर, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. घट्ट आवळलं तर एक तर फळी तडकते नाहीतर फ्रेम पिळते. स्क्रू, नट सगळे स्टेनलेस स्टीलचे, ३०४ चालतं, अगदी समुद्रासमोर घर असेल तर ३१६ मिळालं तर बघा. सोबत आलेले झिंकचे चकचकीत बोल्ट दुसऱ्या पावसाळ्यात तपकिरी होतात आणि तिसऱ्यात एलन की आत गोल फिरते.

फळी सरळ असूनही उलट फिरत असेल तर जमीन. टेबल पडवीत किंवा ओटीवर टाकलंय का? तिथे पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. जुन्या कोब्याला आणि शहाबादीला तर आपापली मतं असतात. पाणसळ फळीवर नाही, खालच्या पायांच्या पट्टीवर ठेवून बघा, दोन्ही पट्ट्या, उभं आणि आडवं. टेबलाच्या तळाला फिरवायचे बुश असतात, त्यांनी जुळवा, आणि तेवढ्याने होत नसेल तर पाचर मारण्याऐवजी खाली पूर्ण लांबीची पट्टी टाका, कारण पाचर हलत्या टेबलाखालून आठवड्यात निसटते. उभ्याच्या उंचीला टेबल डुगडुगतंय ही तक्रारही इथूनच येते, टायपिंग करताना स्क्रीन हलते ती.

मग वजन. अवजड सगळं एकाच टोकाला ठेवू नका. दोन मॉनिटर क्लॅम्पवर उजवीकडे आणि डावीकडे नुसता चहाचा कप, असं असेल तर उजवा पाय कायम जास्त खेचतो. टेबल भिंतीला लागून असेल तर मागची वायर खिडकीच्या गजात अडकत नाही ना ते पूर्ण वर नेऊन बघा, पाच सेकंदांचं काम आहे. हे सगळं झाल्यावरच अडथळा ओळखायची संवेदनशीलता कमी करा, बऱ्याच कंट्रोलरना ती सोय असते, पुस्तकात पायऱ्या दिलेल्या असतात. घरात लहान मूल असेल तर मी ती कधीच पूर्ण बंद करणार नाही.

मुलांवरून आठवलं. गणपतीत चाकरमानी आले की त्यांची पोरं ह्या टेबलाचा पाळणा करतात. बहुतेक टेबलांना वीस मिनिटांत दोनच मिनिटं सलग चालायची मुभा असते, त्यापुढे कंट्रोलर गरम होऊन स्वतःला झोपवतो आणि हॉट असं काहीतरी दाखवतो. एकदा बसून-उभं व्हायला पंधरा सेकंदसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे तुमच्या वापरात हे कधी येणार नाही, आरतीच्या वेळी येईल. प्लग काढून ठेवा, वीस मिनिटांनी आपोआप ठीक होतं.

अजून घेतलंच नसेल तर

मग तुम्ही सुखी आहात. आधी आंब्याची रिकामी लाकडी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्यावर लॅपटॉप, आणि बघा उभं राहून काम होतंय का. कितीतरी जणांचा हौसेचा भाग तिथेच संपतो आणि पैसे वाचतात. उभं राहायचं तेही सलग वीस-तीस मिनिटं, दिवसभर उभं राहिलं तर कंबर मोडेल आणि पोटऱ्या धरतील.

उंचीचं गणित कोपरावर. हात सरळ सोडून कोपर काटकोनात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची म्हणजे टेबलाची उंची. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला उभ्याने ती साधारण १०० येते आणि बसून ६२ ते ६५. आता गोची अशी की दोन टप्प्यांच्या पायाची स्वस्त फ्रेम ७० च्या खाली सहसा जातच नाही, त्यावर फळी धरून ७२-७३, म्हणजे बसल्यावर खांदे वर उचललेले राहतात. एकतर तीन टप्प्यांची फ्रेम घ्या, जी साठीच्या आसपास येते, नाहीतर खुर्ची वर करा आणि पायाखाली घरातला पाट घ्या. तीन टप्प्यांत घासणारे सांधे जास्त, म्हणजे आपल्या हवेत करकर जास्त, पण मान-खांद्यासाठी मी तीच घेईन.

एक मोटर की दोन, तर एक मोटरवालं आडव्या दांड्याने दुसरा पाय फिरवतं, वजन कमी उचलतं, पण दोन पायांची मोजणी जुळत नाही हा प्रकार त्यात येत नाही. लाईटचा जिथे फारच सावळा गोंधळ आहे तिथे मी हाताने फिरवायच्या दांड्याचं टेबल सांगतो, चाळीसेक फेऱ्या मारताना थोडा व्यायाम होतो, पण त्याला रिसेट नाही, एरर नाही, अर्थिंग नाही. दोघं-तिघं वापरणारे नसाल, एकटेच असाल, तर सुताराकडून आपल्या मापाचं उभ्याचं एक स्थिर टेबल आणि शेजारी बसायचं जुनंच टेबल, हेसुद्धा झकास चालतं, लॅपटॉप उचलून इकडून तिकडे.

घेण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा. माझ्या पिनकोडला माणूस येतो का, आणि कंट्रोलर नि हँडसेट, म्हणजे वर-खालीच्या बटणांची पट्टी, सुटा मिळतो का. पहिल्याला "हो" म्हणतात पण तो हो बहुतेक जिल्ह्याच्या गावापुरता असतो, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं. आणि टेबल आलं त्याच दिवशी कंट्रोलर, मोटर, फ्रेम ह्यांवरच्या सगळ्या स्टिकरचे मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा, सीरियल नंबर वाचता येईल असे. दोन पावसाळ्यांनी त्या स्टिकरवर बुरशी आणि कसर ह्यांनी काय ठेवलेलं असतं ते बघून वॉरंटी मागायला गेलात तर पलीकडचा माणूस तो नंबरच मागणार आहे.